कौल

आमच्या खेळात आजवर घोडे होते, गलबतं होती,
उधारीवर जगणारा एक म्हातारा ड्रॅगन होता.
निहार म्हणाला, आई, आता यान हवं.
माणसांसकट जाणारं, परत येणारं,
आणि पुन्हा जाणारं.

टायटसव्हिलच्या गॅरेजात, गुरुवारी,
नियम लिहायचं काम माझ्याकडे असतं.
चौकटीची वही काढली.
माणसं : सात.
चढताना : वीस बाजूंचा फासा, अधिक वैमानिकाचं कसब.
उतरताना : इंजिन बंद. विटेपेक्षा जरा बरं तरंगतं.
दुसरी संधी : नाही.

'पुन्हा वापर' या रकान्याशी पेन अडलं.
आमच्या तलवारींची धार कधी जात नाही,
घोडा रात्री झोपला की सकाळी ताजा.
पण हे तर जळत जळत घरी येतं.
मी लिहून टाकलं :
दोन खेळांच्या मध्ये यान आपोआप दुरुस्त होतं.

वेंडेलने चष्मा कपाळावर सरकवून वाचलं.
वय एकाहत्तर. आमच्या टोळीतला चोर तो,
कुलपं उघडतो, येताना उकडलेल्या शेंगा आणतो.
नदीपलीकडे सव्वीस वर्षं
यानाच्या पोटाखाली उताणा काम करत होता,
हे आम्हाला ठाऊक होतं
जसं शेजाऱ्याला मधुमेह आहे हे ठाऊक असतं.

"आपोआप," तो म्हणाला.
आणि शेंग सोलत राहिला.

मग खूप वेळाने :
चोवीस हजार तुकडे. वाळूचे, पावासारखे हलके.
प्रत्येकाला नंबर, एकाचा दुसऱ्याच्या जागी बसत नाही.
दर फेरीनंतर प्रत्येकाला एक सुई,
आत पाणी मुरू नये म्हणून.
मरिसोल रात्रपाळीची नर्स. ती हसायची थांबली.
चोवीस हजार इंजेक्शनं? हो.
आणि त्यातला कुणीही दुखलं म्हणून सांगत नाही.

मी म्हटलं, आमच्या कोकणात छपरावर असतात त्यांना कौलं म्हणतात.
पावसाआधी शाकारणी करतात, फुटकी काढतात, सरकलेली बसवतात.
आणि देवाला विचारायचं असलं काही,
तर मूर्तीवर पाकळ्या चिकटवून बसतात.
उजवी पडली की हो, डावी पडली की नाही.
त्यालाही कौलच म्हणतात.
"एकच शब्द?" वेंडेलने विचारलं.
एकच.
त्याने तो तोंडात घोळवला. क्वाल. काउल. कौल.

ते वाक्य मी खोडलं.
पुढचे तीन गुरुवार कुणी उडालं नाही.
वैमानिक, डॉक्टर, चोर, सगळे पाठीवर.
निहार आधी वैतागला,
मग त्याने आपल्या कौलांना नंबर दिले,
मग एकदा शाळेतून मेसेज केला : ११०७ परत बघायचं राहिलं.
नवा नियम वेंडेलचा :
फासा खाली टाकायचा, हँगरमध्ये, पण बघायचा नाही.
टाकला की वर फुलपात्र उपडं घालायचं.
कौल तेव्हाच लागलेला असतो, तो म्हणाला,
आकाशात तो फक्त वाचतात.

स्टीलचं फुलपात्र आठवडाभर टेबलावर राहिलं.
झाडताना मी त्याच्या भोवतीनं झाडलं.

परतीच्या रात्री
गुलाबी झोत काचेबाहेर, मी वर्णन करत होते,
आवाज माझा मलाच नीट येईना.
फुलपात्र उचल, निहार म्हणाला.
वेंडेलचा हात त्यावर होता. उचलला नाही.
खरं यान यायचं तेव्हा, तो म्हणाला,
मी कधी वर बघितलं नाही. स्वयंपाकघरात उभा राहायचो.
खिडकी दोनदा हादरायची.
एकदा हादरली की दुसऱ्यापर्यंत
श्वास कुठे ठेवायचा कळायचं नाही.

मग त्याने कड जराशी उचलली,
एकट्याने आत बघितलं,
पुन्हा झाकलं.
आणि बोटांच्या पेरांनी टेबलावर
ठक.

ठक.

शेंगा उडाल्या. मरिसोल रडत, हसत.
निहार ओरडला, किती पडले? सांग ना, किती?
वेंडेल चष्मा खाली घेत म्हणाला,
उतरलं ना?
मग वही काढ. एक नंबरपासून.